तुझ्या कोपऱ्यातला सांडवा

आत्या, तुझ्या कोपऱ्यातला बांध आम्ही खाली केला. तिथूनच आता जास्तीचं पाणी बाहेर जातं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी आपली रताळ्यापासून सुरुवात करीन आणि मुद्द्याला येईपर्यंत कागद संपेल. तुला माझी खोड ठाऊक आहे. तू म्हणायचीस, "हिला इस्तू आणाया धाडलं तर ही चूल कुणी लिपली ते सांगत बसंल." तर बांध खाली केला, आणि तो करण्यासाठी मी तुझ्या लेकीशी खोटं बोलले. खोटं तुझ्या नावानं बोलले. तेच मनाला खाऊन राहिलंय, म्हणून नातीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून बसले आहे. अक्षर बघू नकोस. तिसरीपर्यंतची शाळा, त्यातली दुसरी दोनदा.

पण खरं सांगू, बरं चाललंय बघ. इतकं बरं की तुला लिहायला लाज वाटते. आडाला पाणी आहे, वाकलं की तोंड दिसतं. हा आड वैशाखात कोरडा पडायचा आणि आपण दोघी नदीच्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायचो. आता त्याच आडाच्या कडेला नातीनं पुदिना लावलाय. पुदिना, आत्या! आपल्या या रेताड जागेत! ज्या जागेला सगळं गाव म्हणायचं की इथं ओतलेलं पाणी सावलीसुद्धा पडू देत नाही. रताळी तर अशी आली की तुझ्या लेकानं एक उचललं आणि म्हणाला, "हे रताळं हाय का तान्हं लेकरू?" हसून हसून पोटात दुखलं. आणि हसता हसताच एकदम वाटलं, की हे सगळं तुझ्या अंगावरून पाणी सोडून मिळालंय.

ही जागा आपल्याला मिळालीच मुळी कुणाला नको होती म्हणून. नदीकाठची, बोटात धरली तर गळून जाणारी. तुझ्या जवानीत आपल्या लोकांनी धम्म घेऊन देव नदीत सोडले तेव्हा तूही देव्हारा टोपल्यात घालून घेऊन गेलीस, आणि परत येताना त्याच टोपल्यात नदीतले गोटे भरून आणलेस, चुलीला. हे तू शंभरदा सांगायचीस. वाड्यावरची एक बाई अंगात आल्यासारखं करून घुमायला लागली तर तू तिच्या डोक्यावर तांब्याभर गार पाणी ओतलंस आणि म्हणालीस, "उठ बाई, भाकरी करपली." ती खरंच उठली. स्वप्न, शकुन, कौल, तुझा कशावरच विश्वास नव्हता, तुला फक्त हसू यायचं. हे मी मुद्दाम लिहून राहिले आहे. माझं खोटं किती वाईट होतं ते यावरूनच कळतं.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी नवी नवरी. बापाची बहीण म्हणून तुला अगंतुगं करत आले होते, सासू झालीस तरी तोंडाला तेच वळण राहिलं. बाया म्हणायच्या, सासूला तू म्हणती, लई शेफारली. तू म्हणायचीस, "म्हणू द्या, जीभ तिची हाय, पाठ माझ्या ताब्यात हाय." त्या साली आपण दोघी रस्त्याच्या कामावर जायचो. लाल ज्वारीच्या भाकरी, आणि कामावर मिळणारी सुकडी, ती तू पदरात बांधून घरी आणायचीस. माझं डोकं पाट्यांनी सोलून निघालं होतं. तू तुझ्या चांगल्या, धडक्या लुगड्याचा काठ फाडलास, त्याची चुंबळ वळलीस आणि माझ्या डोक्यावर ठेवून वर हातानं दाबलीस. "दागिना घाल," म्हणालीस. लग्नात तू मला डोरल्याशिवाय काही घातलं नव्हतं, पण तो दागिना मात्र मी अजून विसरले नाही. रस्त्याच्या कडेनं खड्डे खणायचे, माती वर रस्त्यावर टाकायची, आणि खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडायचा. मुकादम आला की खांबाच्या उंचीवरून किती खणलं ते मापायचा. असं दोन उन्हाळे केलं.

मग तुझ्या डोक्यात आलं की सरकारच्या रस्त्याला एवढी माती वाहिली, तर घरच्याला का नको. आणि तू कामाला लागलीस. चुलीतली राख टोपल्यात घेऊन सगळ्या जागेवर रेघ मारत फिरलीस, मी मागून कुदळ घेऊन. चर खणले. आणि आपण दोघींनी काय केलं? हाताला जी सवय लागली होती तेच केलं. माती चढाच्या अंगाला टाकली, रस्ता तिथंच असल्यासारखी. आणि प्रत्येक चरात मधोमध मातीचा खांबही सोडला! मापणारा मुकादम कुठं होता आत्या आपल्या घरी? एक मेंढक्या जाता जाता थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हातारे, हे खांब कशाला? चरावर माळवद घालतीस काय?" तू त्याच्या अंगावर धावून गेलीस. पण पहिल्या सरीलाच वरची वाळू सगळी परत चरात आली, खांब तेवढे शेंडी वर काढून उभे. तू बांधावर बसून इतकी हसलीस की मला भ्या वाटलं, म्हातारीला काही झालं की काय. तेव्हा तू माझ्या आताच्या वयाहून कितीतरी लहान होतीस, हे आता लिहिताना ध्यानात आलं.

पण तू शिकलीस. वाळूचा बांध म्हणजे पिठाचा बांध, आतून पाणी पाझरतं आणि मग सगळा बसतो. म्हणून बांधाच्या जागी आधी खाली घट्ट भुईपर्यंत खणायचं, त्यात गावतळ्यातली काळी माती भरायची, ओली करून पायानं तुडवायची, आणि मग वर बांध. "बांधाच्या पोटात भाकर पाहिजे," म्हणायचीस. आटलेल्या तळ्यातून आपण ती माती डोक्यावरून आणली. तुडवताना तू मला गाणं म्हणायला लावायचीस, आणि माझा सूर लागला नाही की म्हणायचीस, "असूं दे, मातीला काय कळतंय."

मग उस्मानाबाद मोडून लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले, भाषणं झाली. तू म्हणालीस, "जिल्हा नवा झाला, आता पाणी बी नवं येतंय का बघू." आणि खरंच आलं! तालुक्याचा रस्ता उंच केला आणि त्याची मोरी नेमकी आपल्या वरच्या अंगाला सोडली. पावसाचं सगळं लोंढ्यानं आपल्या जागेत. शेजारी म्हणाले, तक्रार करा. तू म्हणालीस, "सरकारनं घरपोच दिलंय आणि तकरार करू?" तू बांध उंच करायला घेतलास. मी तेव्हा एकदा म्हणाले होते, आत्या, थोडी वाट सोड पाण्याला. तू कुदळ टेकवलीस आणि माझ्याकडं बघितलंस. "दुष्काळात पाणी प्यालीस न्हवं झिऱ्याचं? वाळू गाळून? मग सोड म्हणताना जीभ कशी झडत न्हाई?" तुझ्यापुढं पाणी सोडायची भाषा करायचीच नाही, हे मी तिथंच गाठीला बांधलं. पण खालच्या कोपऱ्यात, जिथं उतार संपतो, तिथं दरसाल बांध फुटायचा आणि दरसाल तू तो बुजवायचीस.

आणि जाताना म्हणालीस, मला तिथंच पुरा, मी बसते बांध धरून. आम्ही तसंच केलं. वरून माती ओढली, आणि त्या साली बांध फुटला नाही. मग तुझ्या लेकीनं रीतच पाडली. दर वर्षी तू गेलीस त्या दिवशी बुद्धवंदना झाली की घरातल्या प्रत्येकानं एक टोपलं माती तुझ्या कोपऱ्यावर टाकायची. फुलं नाही, हार नाही, आईला मातीच आवडायची, असं तिनं म्हटलं आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. ती सासरहून, मुदखेडहून, रेल्वेनं उदगीरला उतरायची, पुढं जीपनं यायची, आणि चहा घ्यायच्या आधी टोपलं उचलायची. लेक, जावई, सुना, लेकरं, पाहुणे. इतकी वर्षं. तुझा कोपरा उंच होत गेला, आत्या. आम्हाला अभिमान वाटायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो, की बघा, आमची म्हातारी किती उंच झाली.

मागच्या वर्षी हस्ताचा पाऊस जबर झाला. मोरीतून लोंढा आला, तुझ्या कोपऱ्यापर्यंत गेला, आणि त्याला वाट मिळाली नाही. तो माघारी फिरला आणि घराकडं आला. दुपारची वेळ, मी तव्यावर धपाटं टाकलेलं, आणि उंबऱ्यावरून पाणी आत. मागची भिंत बसली. आड वाळूनं भरला, निम्म्याच्या वर. माणसं वाचली म्हणायचं. तुझा लेक बसलेल्या भिंतीकडं बघत नुसता उभा होता, आणि नातीनं माझा हात धरून मला खाटेवर चढवलं होतं. खाटेवर बसून मी तुझ्या कोपऱ्याकडं बघत होते. सगळी जागा पाण्यात, आणि तू तेवढी कोरडी.

नात शेतकीचं शिकली आहे, तुला ती लेकरूपणी आठवत असेल, तुझ्या पायावर न्हायलेली. ती पारदर्शक नळी घेऊन आली, पातळी मापायला नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं. "आजी, हालू नको." मी म्हणाले, "मी काय खांब हाय का?" ती पुढं जायची, खुंटी मारायची, परत बोलवायची. दोन दिवस मी हातात नळी धरून जागेभर फिरले, आणि कबूल करते, मला लई मजा आली. तुझ्या राखेच्या रेघांवर खणलेल्या चरांच्या खुणा आणि तिच्या खुंट्या कितीतरी ठिकाणी जवळजवळ एकच निघाल्या. तिनं ते बोलून दाखवलं. चर सगळे एका पातळीत वळवायचे, उथळ ठेवायचे, म्हणजे पाणी चालत येईल, धावत नाही. बांधाच्या पोटात पुन्हा तळ्यातला गाळ. वर वाळा लावायचा, त्याच्या मुळ्या वाळू धरतात. एवढ्यापर्यंत सगळं गोड होतं. मग ती तुझ्या कोपऱ्यापाशी उभी राहिली आणि हातातली खुंटी तिनं तिथं मारलीच नाही. मला कळलं. खालची भुई तिथंच सगळ्यात खोल आहे. सांडवा तिथंच पाहिजे, भरून जास्त झालेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट. दुसरीकडं काढला तर तो घरावरून जातो. ती हळूच म्हणाली, "पणजीला हात लावायचा न्हाई. वरची आपली माती तेवढी काढू, आणि वर सपाट दगड बसवू. पाणी दगडावरून पातळ जाईल." तुझा लेक म्हणाला, "ताईला विचारल्याबिगर न्हाई." आणि घराबाहेर निघून गेला.

तुझ्या लेकीला फोन केला. ती तिकडून ओरडलीच. "माझ्या आईच्या अंगावरनं मोरीचं पाणी सोडता? तुमाला भिंत परत बांधता येती, मला आई परत आणता येती का?" मी म्हणाले, वन्स, आड बुजलाय, पुढच्या साली घर जाईल. ती म्हणाली, "मग मला बी तिथंच पुरा आणि मग सोडा पाणी." फोन ठेवला. महिना गेला. दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. जावई बोलायचे, ती यायचीच नाही. पावसाळा जवळ येत होता आणि आम्ही नव्या भिंतीला अजून गिलावा केला नव्हता, कशाला करायचा म्हणून. तेव्हा एके सकाळी मी फोन केला आणि म्हणाले, "वन्स, आत्या स्वप्नात आली होती. म्हणाली, माझ्या छातीवर लई माती झाली गं, जीव घुसमटतोय. थोडी काढा. पाणी गेलं अंगावरनं तर गारच वाटंल मला."

कुठून आलं तोंडात, मला माहीत नाही. ठरवून नव्हतं. पण थांबले नाही, हेही खरं. मग तुझी लेक लहान पोरीसारखी रडायला लागली. "घुसमटतोय म्हणाली? आणि आमी दरसाल टाकतच राह्यलो."

ती आली. मशीन लावू दिली नाही, सगळं टोपल्यानं. पहिलं टोपलं तिनं काढलं, गुडघ्यानं चालवत नाही तरी. वाकून तुझ्याशी बोलत होती, "आता बरं वाटतंय का आई, आता?" तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं, आणि माझ्या हातातलं खोरं जड झालं. आमची एवढ्या वर्षांची माती आम्हीच काढली, उपसून मोकळ्या केलेल्या आडाच्या कठड्याभोवती नेऊन टाकली आणि तुझ्यावर सपाट दगड बसवले. नात माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "आजी, आपल्यात स्वप्नं कधीपासून पडाया लागली गं?" मी म्हणाले, "गप. काम कर." तिनं ओळखलंय. पुढं कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

पण खोट्याला एवढ्यावर भागत नाही. दुपारी जेवताना तुझी लेक विचारते, "कोणतं लुगडं होतं आईच्या अंगावर?" मी म्हणाले, हिरवं. "आणि दात? दात होते का गं?" मी म्हणाले, होते. ती खूष झाली. तुला शेवटी दात नव्हते, तिला भाकर कुस्करून देताना वाईट वाटायचं, म्हणून. मी भाजीत पळी फिरवत बसले, वर बघितलं नाही. मग हात धुताना ती हळूच म्हणाली, "तुझ्या सपनात आली. माझ्या येत न्हाई. मी लेक असून. मी इतके दिवस अडवून धरलं, त्याचा राग हाय का तिला?"

आत्या, भिंत वाचावी म्हणून मी बोलले. आड वाचावा म्हणून. त्यात माझा काही फायदा होता तर तो एवढाच, की म्हातारपणी वाळू गाळून पाणी प्यायला लागू नये. पण तिच्याकडून मी काय काढून घेतलं ते ती हात धूत होती तेव्हा मला दिसलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. ओठापर्यंत आलं होतं. मग वाटलं, ही उठून दगड उचकटायला लागली तर? मी म्हणाले, "आईला लेकीचा कुठं राग असतो वन्स." आणि साबण पुढं केला.

यंदा हस्त लागला तसा पाऊस आला. आम्ही सगळे बांधावर उभे. पाणी मोरीतून आलं, पहिल्या चरात वळलं, थांबलं, दुसऱ्यात गेलं, जसं नातीनं कागदावर काढलं होतं तसं. वाळू घटाघटा प्याली. आणि मग जे उरलं ते शांतपणे तुझ्या कोपऱ्यात गेलं आणि दगडावरून खाली ओढ्यात उतरलं. तुझ्या लेकानं, एवढ्या गंभीर माणसानं, टाळी वाजवली. मी नातीचा हात धरून तिथंच चिखलात फुगडीचे दोन फेर घेतले, या वयात. घरी येऊन भजी केली. आणि ताट वाढताना ध्यानात आलं, की पाणी कुणावरून गेलं याची त्या सगळ्या वेळात मला एकदाही आठवण झाली नव्हती. मी एकच भजं खाल्लं.

काल तुझ्या लेकीचा फोन. पाणी कसं गेलं, दगड हलले का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "आली होती का गं परत?" मला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर ते निदान खरं झालं असतं. मी म्हणाले, "आली होती. तुमचंच विचारत होती. म्हणाली, माझ्या पोरीचे गुडघे कसे हायत." ती इतकी हसली, आत्या. जावयाला हाक मारून सांगितलं तिनं, मला फोनमधून ऐकू आलं.

हा कागद मी कुठं पाठवणार. धान्याच्या कोठीमागं ठेवून देईन, नातीच्या हाती लागला तर लागला. तुला स्वप्नबिप्न पटत नाही, मलाही तूच पटू दिलं नाहीस. तरी सांगते. हल्ली दुपारी पडले की मी डोळे मिटून वाट बघते, तू एकदा तरी खरंच येशील म्हणून, आणि आलीस तर तुला आधी मुदखेडला लेकीकडं धाडायचं, असं ठरवून ठेवलंय. तू काही येत नाहीस. मी लगेच घोरायला लागते, असं तुझा लेक म्हणतो.